उत्तरेकडचा उन्हाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला आज प्रवासवर्णन सांगायला उभे केले आहे. वास्तविक मी काही मोठी प्रवासी नव्हे. नागपूरहून अमरावती, अमरावतीहून नागपूर आणि मधूनच एकदा पंढरपूर, एवढाच माझा भूगोल. पण २०२४ सालच्या जून महिन्यात मी मुलाकडे स्वीडनला जाऊन आले, आणि तेव्हापासून भाजी निवडताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, लग्नाच्या पंगतीत, मी तेच सांगत असते. त्यामुळे इथे बसलेल्या निम्म्या जणींना हे भाषण पाठ आहे. त्यांनी कृपा करून पुढचे वाक्य आधी म्हणू नये.

यजमान २०१५ साली गेले. तेव्हापासून मुलगा बोलावत होता आणि मी टाळत होते. थंडी सोसणार नाही, गुडघे दुखतात, घराला कुलूप कसे लावायचे, अशी एकेक सबब सांगत नऊ वर्षे काढली. शेवटी सूनबाईनेच फोनवर सांगितले, "आई, उन्हाळ्यात या. इथला उन्हाळा बघण्यासारखा असतो." मला हसूच आले. नागपूरच्या बाईला कोणी उन्हाळा बघायला बोलावते का हो? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरसमोरून उठायची कोणाची छाती नसते.

आमच्या माईंना मी सांगितले, "उत्तरेकडे चालले." माई म्हणाल्या, "मंग येताना गंगाजल आणजा." उत्तर म्हणजे काशी-प्रयाग, त्याच्या पलीकडे माईंचा नकाशा नाही. शेजारच्या वहिनींचे लहानपण लखनौला गेलेले. त्यांना उत्तरेकडचा उन्हाळा म्हटल्याबरोबर 'बडा मंगल' आठवला. ज्येष्ठातल्या मंगळवारी तिथे हनुमानाच्या नावाने रस्तोरस्ती मांडव पडतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, मग तो कोणी का असेना, पुरी-भाजी, बुंदी आणि गार सरबत देतात. वहिनी सांगत होत्या की त्या दिवशी घरी चूलच पेटत नसे; मुले या मांडवातून त्या मांडवात पोट भरत फिरत. म्हणजे तहानलेल्याला पाणी पाजायचे, हा तिकडचा उन्हाळ्यातला सण. आपला तरी वेगळा कुठे आहे? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ, अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेली घागर, चौकाचौकात पाणपोई. आपण सूर्याला हात जोडतो ते "बाबा रे, आता पुरे" असे म्हणूनच.

आता सामानाचे सांगते, कारण त्यात मी फसले. दोन किलो संत्रा बर्फी बांधून ठेवली होती. मुलाने फोनवर सांगितले, "आई, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणता येत नाहीत." आंबेही सरकारी दाखला असल्याशिवाय नेता येत नाहीत. बर्फी वहिनींच्या घरी गेली, आंबे आम्हीच संपवले, आणि पेटीत राहिल्या कुरडया, मूगवड्या, भरल्या मिरच्या नि आंबापोळी. विमान दोह्याला बदलायचे होते. तिथल्या विमानतळावर मी ती पेटी अशी धरून बसले होते की लोकांना वाटले असेल, बाईजवळ सोने आहे. कुरड्यांचा एक तुकडा मोडला नाही, हे मी अभिमानाने सांगते. पुढे त्या तळायला घेतल्या, तेव्हा धुराने स्वयंपाकघराच्या छतावरचा भोंगा असा ओरडू लागला की शेजारचे गृहस्थ धावत आले. त्यांनाही दोन कुरडया दिल्या. खाऊन त्यांनी विचारले, "हे कशाचे?" गव्हाचे म्हटले तर त्यांना पटेना. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटायचा, त्याचा चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून घालायचा, वाळवायचा, एवढे सगळे सूनबाईने स्वीडिशमध्ये समजावले. ते म्हणाले, "मग तुमच्याकडे खूप ऊन असणार." हे मात्र त्यांनी बरोबर ओळखले!

तिथे ऊन मोजूनमापून मिळते. स्टॉकहोम जवळजवळ ५९ अक्षांशावर आहे, आपले नागपूर २१ वर. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच असतो. तिथे जूनमध्ये तो साडेअठरा तासांचा होतो. रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो आणि साडेतीनला पुन्हा उगवतो. मधल्या वेळात रात्र अशी होतच नाही, नुसती तिन्हीसांज रेंगाळत राहते. मला पहिले चार दिवस झोप येईना. दिवा लावायची वेळ कोणती, हेच कळेना. शेवटी घड्याळात सात वाजले की सांजवात करायची, बाहेर ऊन असो की काही असो, असे मी ठरवून टाकले. आणखी उत्तरेला किरुनाकडे तर मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. पण याची फेड हिवाळ्यात करावी लागते. डिसेंबरात स्टॉकहोमला जेमतेम सहा तासांचा उजेड. सूनबाई म्हणाली, "आई, पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी तीनला खिडकीशी उभी राहून रडायची." हे तिने मला फोनवर कधीच सांगितले नव्हते.

तर असा तो उन्हाळा आला की तिथले लोक त्याचा मोठा सण करतात. त्याला 'मिडसॉमर' म्हणतात, म्हणजे भर उन्हाळ्याचा दिवस. पूर्वी तो २३-२४ जूनलाच असे. १९५३ पासून त्यांनी तो वाराला बांधून टाकला: १९ ते २५ जूनच्या मधला जो शुक्रवार, तो त्या सणाचा मुख्य दिवस. (माईंना हे मुळीच आवडले नाही. "तिथी नाही, नक्षत्र नाही, सुटी पाहून सण?" असे त्या म्हणाल्या.) त्या दिवशी दुकाने बंद, शहर ओस. जो तो खेड्याकडे, तळ्याकाठी.

२०२४ साली तो शुक्रवार आला २१ जूनला. आणि भगिनींनो, त्याच दिवशी आपली वटपौर्णिमा होती.

सूनबाईला उपास होता. वड कुठून आणायचा? तिने दुकानातून कुंडीतले फायकसचे रोप आणले होते. ते वड-पिंपळ-उंबराच्याच कुळातले. वर्गात शिकवलेले मास्तरीणबाईंनी मला नंतर पुन्हा समजावले. दिवाणखान्यात स्टुलावर कुंडी, तिला सुताचा दोरा, आणि स्टुलाभोवती सूनबाईच्या सात फेऱ्या, मधे मधे सोफा आड येई तो माझा मुलगा सरकवी. मी आपली कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. कोणी सांगितले नव्हते, सवयच तशी. सूनबाई म्हणाली, "आई, कहाणी तुम्हीच सांगा, मला नीट येत नाही." मग सावित्रीची कहाणी मी त्या खुर्चीवरूनच सांगितली.

दुपारी आम्ही शहराबाहेर गेलो. तिथे गावोगाव, जुने घर, जुनी अवजारे, जुने कपडे जपणारी गावकऱ्यांची मंडळे असतात. अशाच एका मंडळाच्या आवारात सण होता. मला वाटले होते, मोठी जत्रा असेल. पण आपल्या मंडळाच्या सहलीसारखेच सारे: कोणी सतरंज्या अंथरतेय, कोणी डबे उघडतेय, कोणाचे पोर हरवलेय, आणि एक बाई सगळ्यांना कामे सांगत फिरतेय. ती अध्यक्षाबाई, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

मैदानाच्या मधोमध एक उंच खांब आडवा ठेवलेला. त्याला आडवा दांडा, दांड्याच्या दोन टोकांना दोन कडी. सगळ्यांनी मिळून त्याला बर्च नावाच्या झाडाचा पाला आणि रानफुले बांधली. मग पुरुषांनी काठ्यांच्या जोड्यांनी रेटत रेटत तो उभा केला. थोडा उचलायचा, थांबायचे, पुन्हा उचलायचा. आपली गुढी घरोघर असते, ही साऱ्या गावाची एक. खांब उभा राहिला तशी सारंगीसारखे वाद्य वाजू लागले, आणि लहान-थोर हात धरून फेर धरू लागले. एका गाण्याला तर सगळे बेडकासारख्या उड्या मारतात. बँकेतले, कचेरीतले, पांढऱ्या केसांचे, सगळे उकिडवे बसून उड्या! माईंना हे सांगितले तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "धोंडी!" त्यांच्या लहानपणी पाऊस लांबला की पोरे कडुलिंबाचा पाला नि बेडूक घेऊन दारोदार धोंडी मागत, बाया त्यांच्यावर पाणी ओतीत. तिकडच्या बेडकांना पाऊस मागायचा नसतो, तो असतोच; पण माईंना स्वीडन जे काय आपलेसे वाटले, ते त्या बेडकापासून.

आता जेवण. व्हिनेगरमधले हेरिंग मासे हा तिथला मुख्य पदार्थ; ते मी पाहिले, खाल्ले नाहीत. त्याबरोबर एक कडक दारू, आणि प्रत्येक पेल्याआधी गाणे. पण बाकीचे ताट मोठे गमतीचे. नवे कोवळे बटाटे सालासकट उकडून, त्यावर लोणी, बाजूला घट्ट आंबट साय, कडक भाकरी, आणि शेवटी स्ट्रॉबेरी नि गोड साय. सूनबाई म्हणाली, "भाकरी सोडली तर सगळे उपासाचे आहे!" खरेच होते. एक अडचण मात्र होती. त्या बटाट्यांवर शेपू घातलेला असतो. तोच आपला शेपू, वास अगदी तोच. शेपू उपासाला चालतो की नाही यावर आम्ही दोघी तिथे मैदानात वाद घालत बसलो, आणि शेवटी तिने बटाटे पाण्याने धुऊन खाल्ले. गच्चीवर हा प्रश्न मी चौघींपुढे ठेवला, तर चार मते पडली. अजून निकाल लागलेला नाही.

आणखी एक ऐकलेले. त्या रात्री लग्नाच्या मुलीने सात प्रकारची फुले तोडायची, तोडताना बोलायचे नाही, आणि ती उशीखाली घेऊन झोपायचे. स्वप्नात होणारा नवरा दिसतो. यावर वहिनी म्हणाल्या, "बघा बाई! तिकडं एक मिळावा म्हणून सात फुलं, नं इकडं एकच सात वेळा!" हसून हसून सोऱ्यातली कुरडई वाकडी झाली.

बँकवाल्या काकूंना या फुलांवरून गोव्याची आठवण आली. त्यांच्या यजमानांची बदली म्हापशाला होती, तेव्हा त्यांनी २४ जूनचा सांजांव पाहिलेला. तो सेंट जॉनचा, म्हणजे येशूला जॉर्डन नदीत स्नान घालणाऱ्या जॉनचा दिवस. उत्तरेकडचे हे सगळे उन्हाळी सण त्याच्याच दिवसाला लागून आहेत. डेन्मार्कात तर त्यांना नावही त्याचेच. तिकडे डेन्मार्क-फिनलंडात त्या रात्री पाण्याकाठी मोठमोठ्या होळ्या पेटवतात. गोव्यात त्याच दिवशी पाऊस मी म्हणत असतो. डोक्यावर फुला-पानांचे 'कोपेल' घालून तरुण मंडळी भरलेल्या विहिरीत उड्या घेतात. शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. आणि नव्या जावयाचा तर तो पहिला मान! सासूबाई फळांची टोपली तयार ठेवतात, आणि जावईबापू आधी विहिरीत. काकू म्हणाल्या, "आपल्या अधिक महिन्यात जावयाला अनारसे देतो, त्याआधी अशी एक उडी घ्यायला लावली पाहिजे."

हे सगळे बोलणे झाले २०२५ च्या मे महिन्यात, नवतपा लागायच्या आत, सकाळी सहाला, माईंच्या गच्चीवर. मला परत येऊन तोवर वर्ष होत आले होते. मासे, बटाटे, बेडूक हे सगळे मी तोवर पुष्कळदा सांगितले होते. पण एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये असून कोणाला दाखवला नव्हता. ती आता सांगते.

त्या मैदानाच्या कडेला एका लांब टेबलावर फुलांच्या बादल्या ठेवल्या होत्या. डेझी, लाल क्लोव्हर, निळी-जांभळी रानफुले. एक ऐंशीच्या पुढची बाई बसून सगळ्यांना मुकुट करून देत होती. बर्चची ओली डहाळी गोल वळवायची, तिच्यावर फुलांचे झुबके ठेवून दोऱ्याने गुंडाळत जायचे. आपली वेणी गुंफतो तसेच. मी तिचे हात बघत उभी राहिले. तिने एक पुरा केला, माझ्याकडे पाहिले आणि उठून तो माझ्या डोक्यावर ठेवायला आली. मी मागे सरकले. दोन्ही हातांनी 'नको' केले. तिला वाटले, रंग आवडला नाही. तिने दुसरा उचलला.

मी सूनबाईला म्हटले, "तिला सांग ना, आमच्यात चालत नाही." सूनबाई काही क्षण गप्प राहिली. मग तिला काहीतरी बोलली. ती बाई ऐकून गोंधळली. तिने पुन्हा विचारले, सूनबाईने पुन्हा सांगितले. मग ती जे म्हणाली ते सूनबाईने मला मराठीत सांगितले. "तिचेही यजमान नाहीत, पुष्कळ वर्षे झाली. ती विचारतेय, पण उन्हाळा आलाय ना?"

यावर काय उत्तर द्यायचे? मला एक आठवले. यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवात गजऱ्यांचे ताट फिरत फिरत माझ्यापर्यंत आले आणि मला ओलांडून पुढे गेले. ताट फिरवणाऱ्या मुलीचा दोष नव्हता. ती बिचारी माझ्याकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघावे लागू नये म्हणून. पुढच्या वर्षापासून मी मागच्या रांगेत बसू लागले, म्हणजे तिलाही त्रास नको. नऊ वर्षे मी मागच्या रांगेत होते, आणि तिथे एका परक्या गावच्या बाईला ते कळतसुद्धा नव्हते.

मी मान खाली केली. तिने मुकुट ठेवला. फुले गार होती, ओली होती, आणि डोक्याला बर्चच्या काड्या टोचत होत्या. सूनबाईने फोटो काढला. मी काही नाचले-बिचले नाही. सतरंजीवर बसून शेपूचे बटाटे खाल्ले, पण मुकुट काढला नाही. घरी येऊन रात्री बशीत पाणी घालून त्यात ठेवला. तीन दिवस राहिला.

तो फोटो मी गच्चीवर दाखवला. आधी कोणी बोलले नाही. मग काकू म्हणाल्या, "तिकडं चालते हो, तिकडलं निराळं." मास्तरीणबाईंनी हेरवाडची गोष्ट काढली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसे करायला सांगितले. वहिनी म्हणाल्या, ठराव तर झाला, पण आपली गल्ली काही ग्रामपंचायतीत येत नाही. माई सगळ्यांत वयस्क, अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांचे सोवळे-ओवळे सगळ्यांना माहीत. त्यांनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, "हे पांढरं फूल कोणतं? शेवंतीवानी दिसते." मग म्हणाल्या, "चला, ऊन चढून राहिलं. अलीकडच्या उलटवा."

मला वाटले, विषय संपला.

१० जून २०२५ ला वटपौर्णिमा होती, मंगळवार. आपल्या कोपऱ्यावरच्या वडाशी सकाळपासून गर्दी. मी त्या दिवशी सहसा दार लोटूनच बसते. आठ वाजता बेल वाजली. माई होत्या. नऊवारी, नथ, हातात पूजेचे ताट. म्हणाल्या, "जिना उतरताना पाय लटपटतात. धरता का मले वडापाशीवर?" त्यांची सून खाली उभी होती, मुलगा घरी होता. मी काही विचारले नाही. चप्पल घातली. तेवढ्यात त्यांनी ताटातला मोगऱ्याचा गजरा उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा दोन आणले म्हणून."

मी तो त्या दिवशी माळला नाही. खोटे कशाला सांगू? मुठीत धरूनच वडापर्यंत गेले, सावलीला पारावर बसले, माईंच्या फेऱ्या मोजल्या. त्या पाचव्या फेरीनंतर चुकल्या, मी सहावी सांगितली. तिथे दोघींनी माझ्याकडे पाहिले, एकीने तोंड फिरवले. घरी येऊन गजरा तांब्यात ठेवला. रात्री अंधारात, कूलरची घरघर चालू असताना, तो केसांत घालून पाहिला आणि तसाच झोपले. सकाळी उशीवर सगळ्या कळ्या पिवळ्या पडलेल्या होत्या.

सूनबाईला फोनवर सांगितले. ती विचारत होती, यंदा जूनमध्ये येता का. माईही चलते म्हणतात. बेडकांचा नाच बघायचा आहे म्हणे. पासपोर्टच्या अर्जात त्यांची जन्मतारीख कोणती लिहायची, इथे गाडी अडली आहे. त्यांना तिथी ठाऊक आहे, तारीख नाही. कोणाकडे जुने पंचांग असेल तर कृपा करून कार्यक्रमानंतर मला भेटा. पन्ह्याचे पेले आलेले दिसतात, तेव्हा मी आता बसते.